माळ्यावरचे दोन रेडिएटर

लॉफ्ट कन्व्हर्जन करताय का कोणी? मग फ्लोअरबोर्ड ठोकायच्या आधी हे वाचा, घर १९७०-८० च्या काळातलं असेल तर नक्कीच.

आमचं घर रेडिंगजवळ लोअर अर्लीत, ऐंशीच्या दशकातलं. डिसेंबरात माझी डिलिव्हरी, आई-बाबा सांगलीहून बाळंतपणाला येणार आणि बेडरूम तीनच, म्हणून माळ्यावर खोली काढायची ठरली. आमच्या छपरात डब्ल्यूच्या आकाराचे लाकडी ट्रस, म्हणजे छप्पर तोलणारे सांगाडे होते, ते काढून स्टीलचे बीम टाकावे लागले, सगळा पैसा आणि सगळं लक्ष त्यातच गेलं आणि हीटिंगबद्दल कोणी काही बोललंच नाही. बिल्डर एवढंच म्हणाला की बॉयलर ३० किलोवॉटचा आहे, दोन रेडिएटर (बॉयलरचं गरम पाणी आत फिरून खोली तापवतात ते भिंतीवरचे पॅनेल) सहज चालतील. आणि ते खरंच होतं, आमचा कॉम्बी आहे, म्हणजे घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा बॉयलर, आणि त्याचा तो मोठा आकडा नळाच्या गरम पाण्यासाठी असतो, घर तापवायला त्याच्या निम्मंही लागत नाही. अडचण पाईपची होती.

आमच्याकडे मायक्रोबोअर आहे, म्हणजे प्रत्येक रेडिएटरला १० मिलिमीटरचा तांब्याचा पाईप, करंगळीपेक्षा बारीक. एका रेडिएटरला तो पुरतो. प्लंबरने खालच्या बेडरूमला जाणाऱ्या त्याच पाईपला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड मारून वरचे दोन्ही जोडले. प्रेशर टेस्ट झाली, गळती नाही, फ्लोअर बंद, कार्पेटही पडलं. सप्टेंबर होता, हीटिंग लावून बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

नोव्हेंबरात थंडी पडली तेव्हा वरचे दोन्ही नुसते कोमट आणि खालच्या बेडरूमचा पण गार पडायला लागला. आधी वाटलं हवा अडकली असेल, सगळ्यात वरच्या रेडिएटरमध्ये हवा जमतेच, म्हणून मी आठव्या महिन्यात पोट सांभाळत खाली बसून जुना टॉवेल धरला, किल्ली फिरवली, फुस्स झालं आणि मग काळपट पाणी. बॉयलरचं प्रेशर १.५ बारवरून ०.८ वर आलं, ते परत भरलं, पण रेडिएटर कोमटच. हवा असेल तर वरचा भाग गार लागतो, गाळ असेल तर खालचा, आमचा सगळीकडून सारखाच कोमट होता. मग नवऱ्याने घरातले बाकीचे सगळे रेडिएटर बंद केले, तर पंधरा मिनिटांत वरचे चटका बसेल इतके तापले. म्हणजे पाणीच पोचत नव्हतं.

मी रडले त्या दिवशी, खरं सांगते, कारण आईचं तिकीट निघालेलं होतं.

दुसरा प्लंबर आला, त्याने थेट एअरिंग कपबोर्ड उघडलं. पूर्वी तिथे गरम पाण्याचा सिलिंडर होता, त्यामुळे २२ मिलिमीटरचे जाड फ्लो-रिटर्न, म्हणजे गरम पाणी नेणारा आणि परत आणणारा पाईप, तिथपर्यंत आलेले होतेच, तिथून १५ चे दोन नवे पाईप सरळ माळ्यावर नेले. कार्पेट उचलून बोर्डाची एक पट्टी कापावी लागली, दोन दिवस गेले. नंतर खालच्या रेडिएटरचे लॉकशील्ड, म्हणजे पाणी कमी-जास्त करायचे टोपीखालचे व्हॉल्व्ह, थोडे थोडे आवळून बॅलन्सिंग केलं, म्हणजे जवळचे रेडिएटर सगळं पाणी ओढून घेत नाहीत. हे काम कंटाळवाणं आहे पण करून घ्याच.

अजून दोन गोष्टी. माळ्यावर अजून हेडर टँक, म्हणजे हीटिंगला पाणी पुरवणारी छोटी उघडी टाकी असेल तर सिस्टिम सील्ड, म्हणजे टाकीशिवाय प्रेशरवर चालणारी करून घ्यावी लागेल, कारण रेडिएटर टँकच्या पाण्याच्या वर चालत नाही. आणि रेडिएटरवर लिहिलेले वॉट असतात ते खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम पाणी धरून. बॉयलर ५५ वर ठेवला तर त्याच्या साधारण निम्मेच मिळतात, म्हणून मोठे घ्या. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून अख्खी नवी सिस्टिम टाकली तर ती ५५ अंशांसाठीच डिझाइन करायची असा नियम आहे, पुढे हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं यंत्र, ते कमी गरम पाण्यावरच चांगलं चालतं) लावायचा तरी हेच मोठे रेडिएटर कामाला येतील.

आमचे दोन्ही ६०० बाय १००० मिलिमीटरचे डबल पॅनेल आहेत, एक डॉर्मरच्या, म्हणजे छपरातून बाहेर काढलेल्या भागाच्या खिडकीखाली. आई रोज सकाळी त्याच्यासमोर पाय पसरून बसते, बाळाला पायांवर घेऊन तेल लावते, आणि तोपर्यंत मागे रेडिएटरवर दुपटी गरम होत असतात.