हायलाइट्सची तांबूस झाक आणि निळीचे तत्त्व

आत्तेबहिणीच्या लग्नाच्या आधी मी सांगलीतल्याच एका पार्लरमध्ये केसांना ब्लाँड हायलाइट्स करून घेतले. सुरुवातीला त्यांचा राखट, मऊ रंग मनापासून आवडला होता, पण महिनाभरातच त्याच बटा चिंचेने घासलेल्या तांब्याच्या कळशीसारख्या दिसू लागल्या. पार्लरमध्ये विचारले, तेव्हा "असे होतेच, पुन्हा करून घ्या" एवढेच उत्तर मिळाले. असे का होते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

आपल्या काळ्या केसांच्या आत तांबडा आणि पिवळा रंग मुळातच असतो. वरचा काळेपणा दाट असल्यामुळे तो एरवी दिसत नाही. ब्लीच लावल्यावर काळेपणा आधी उतरतो आणि केस तांबडा, नारंगी, पिवळा, फिकट पिवळा अशा क्रमाने उजळत जातात. यातल्या मधल्या पायरीवर ब्लीच थांबवून वरून टोनर, म्हणजे नको असलेली झाक दाबणारा हलका रंग, दिला की केस राखट दिसतात; मात्र टोनर कायमचा नसतो, दर धुण्याला तो थोडा थोडा निघून जातो आणि खालचा रंग पुन्हा उघडा पडतो. म्हणजे तांबूसपणा बाहेरून येऊन चिकटलेला नसतो, तो आपल्याच केसांचा असतो, आणि घरी करायचे ते त्याला झाकण्याचेच काम असते.

हे मला नीट समजले ते आईमुळे. बाबांचे पांढरे सदरे ती आजही निळीच्या पाण्यातून काढते. माझ्या बटेकडे पाहून ती म्हणाली, "अगं, पिवळं पडलंय तर निळंच लागणार ना त्याला!" तत्त्व अगदी तेच आहे. पिवळ्यासमोर जांभळा रंग आला आणि नारंगीसमोर निळा आला की दोन्ही एकमेकांना मारतात. कपड्यांची नीळ मात्र केसांना कधीही लावू नये. ती केसांसाठी केलेली नसते आणि तिचे डाग एकसारखे बसत नाहीत.

माझी चूक अशी झाली की मी सरळ जांभळा शाम्पू आणला आणि तीन आठवडे नेमाने वापरला. चेहऱ्याजवळच्या बटा सुधारल्या, पण मागच्या बटांवर काहीही परिणाम झाला नाही. शेवटी एका सकाळी कोरडे केस घेऊन खिडकीत उभी राहिले, खांद्यावर पांढरा पंचा टाकला आणि एकेक बट त्यावर धरून पाहिली. पुढच्या बटा लिंबाच्या सालीसारख्या पिवळ्या होत्या. मागचे केस दाट असल्यामुळे तिथे ब्लीच कमी चढले होते आणि त्या बटा सरळ गाजराच्या रंगाच्या होत्या. नारंगीवर जांभळा चालत नाही, तिथे निळाच लागतो. ओल्या केसांत किंवा ट्यूबलाइटखाली हा फरक कळत नाही, म्हणून बाटली विकत घेण्याआधी दिवसाच्या उजेडात ही पाहणी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आता मी पुढे जांभळा आणि मागे निळा शाम्पू लावते, तोही आठवड्यातून एकदाच. हातमोजे घालते आणि केस आधी पाण्याने पूर्ण भिजवते, कारण कोरडी, ब्लीचने पोकळ झालेली टोके रंग पटकन शोषून घेतात आणि जांभळट दिसू लागतात. पहिल्या वेळी तीन मिनिटे पुरेशी होतात.

शाम्पूने न भागल्यास टोनर आहे, पण तो अधिक जपून वापरायचा असतो. मी १० व्हॉल्यूमचा, म्हणजे ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा डेव्हलपर (टोनरमध्ये मिसळायचा द्रव) घेतला, कानामागे थोडे मिश्रण लावून ४८ तास वाट पाहिली आणि मगच पाकिटावरच्या प्रमाणात प्लास्टिकच्या वाटीत ते कालवले. दर पाच मिनिटांनी एक बट पुसून पाहत राहिले आणि हवा तो रंग दिसताच धुऊन टाकले. टोनर केस उजळवत नाही, हे ध्यानात ठेवावे: माझ्या गाजरी बटा ब्लाँड झाल्या नाहीत, शांत फिकट तपकिरी झाल्या, आणि मला त्या पहिल्यापेक्षा जास्त शोभतात.

आमच्या विश्रामबागच्या इमारतीत बोअरचे पाणी येते. त्याने बादलीच्या कडांना पांढरा थर धरतो, आणि तसेच क्षार केसांवर बसून रंग मळकट दिसतो. म्हणून शेवटचे धुणे मी नळाच्या पाण्याची वेगळी बादली भरून ठेवून त्याच पाण्याने करते. आणि हळदीच्या या गावात हळदीबद्दल न लिहून कसे चालेल? लग्नात हळद लावताना कानाजवळच्या बटेला हळद लागली. साबण लावताच, कपड्यावरचा डाग होतो तशी ती लालसर झाली आणि धुतल्यावर पुन्हा पिवळी राहिली. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळे त्या बटेला खोबरेल चोळून तासाभराने धुतले, तेव्हा बराच रंग उतरला. उरलेला आठवडाभरच्या उन्हाने फिका पडला.

तांबूसपणा झाकायला मेंदी लावू नये, तिचा स्वतःचाच रंग नारंगी असतो. लिंबूही नको, त्याने आधीच रुक्ष झालेले केस आणखी कोरडे पडतात. न्हाण्याच्या आदल्या रात्री मी टोकांना खोबरेल लावते, केस सरळ करायचे इस्त्रीचे यंत्र कपाटात ठेवून दिले आहे, आणि पुढचा टोनर मागच्या बटा पुन्हा गाजरी दिसेपर्यंत लावणार नाही.