सोलची ग्लास स्किन आणि आमचा सावळा रंग

सोलच्या म्योंगडोंग बाजारात संध्याकाळी जा, म्हणजे टोकबोक्कीचा (तांदळाच्या तिखट वड्या) आणि भाजलेल्या रताळ्याचा वास नाकात असतानाच कुणीतरी हातात चेहऱ्यावर लावायचा ओला शीट मास्क कोंबतं आणि तुम्ही कधी दुकानात शिरलात ते कळत पण नाही. सोल ठरलं ते माझ्या भाचीमुळे, ती बीटीएस या कोरियन बँडची पक्की आर्मी, म्हणजे चाहती, मला खरं तर राजवाडे बघायचे होते, पण तिथे गेल्यावर कळलं की राजवाडा आणि सजणंधजणं या शहरात वेगळं काढताच येत नाही. ग्योंगबोकगुंग राजवाडा १३९५ सालचा, आणि हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, घालून गेलं की तिकीट माफ, त्यामुळे आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये हानबोक भाड्याने देणारी दुकानंच दुकानं, तिथेच वेण्या घालून केसात पिना लावून देतात, आणि मग अख्खं अंगण रंगीत घागऱ्यांनी भरून जातं. मुलगे पण तेवढेच नटलेले, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही, हे मला मनापासून आवडलं.

मुलग्यांवरून आठवलं, तिकडे सैन्यात सक्तीची भरती आहे ना, तर चेहऱ्यावर फासायचं कॅमोफ्लाज क्रीमसुद्धा कॉस्मेटिक कंपन्या बनवतात, त्वचेला त्रास होऊ नये म्हणून!

भाचीला हायबचं, म्हणजे बीटीएसच्या कंपनीचं, ऑफिस बाहेरून का होईना बघायचंच होतं, ते योंगसानला. मी म्हटलं चल, तिथून चालत जाण्यासारखं अमोरेपॅसिफिक या कॉस्मेटिक कंपनीचं पण मुख्यालय आहे, ते बघू. डेव्हिड चिपरफील्ड या आर्किटेक्टने बांधलेली मोठी शांत पांढरी इमारत. या कंपनीचं मूळ म्हणजे केसोंग गावातली युन दोक-जोंग नावाची एक बाई, १९३० च्या दशकात ती कॅमेलियाच्या बियांचं तेल घरी काढून विकायची, केसांना लावायचं. आपल्याकडे आजी घाण्यावरचं खोबरेल तेल आणून बाटल्या भरून ठेवायची तसंच. पुढे १९४५ मध्ये तिच्या मुलाने कंपनी काढली, आणि २००८ मध्ये त्यांच्याच आयोपे ब्रँडने कुशन कॉम्पॅक्ट, म्हणजे डबीतल्या स्पंजात भिजवलेलं पातळ फाउंडेशन, आणलं, ज्याची आयडिया पार्किंगच्या शिक्क्याच्या शाईच्या पॅडवरून सुचली होती. आज जगभर मुली पर्समध्ये घेऊन फिरतात ते हेच.

आता मुद्द्याचं. ऑलिव्ह यंग या कॉस्मेटिकच्या दुकानात (प्रत्येक कोपऱ्यावर आहे) आम्ही तासन् तास घालवले आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. सनस्क्रीनचाच एक अख्खा रॅक, पाण्यासारखी पातळ, चिकट नाहीत, एसपीएफच्या शेजारी पीए आणि चार अधिक चिन्हं. एसपीएफ म्हणजे त्वचा भाजवणाऱ्या यूव्हीबी किरणांपासून बचाव, पीए म्हणजे डाग आणि सुरकुत्या आणणाऱ्या यूव्हीएपासून, हे तिथल्या शाळकरी पोरींना पाठ असतं. आणि सिका सिका म्हणून जे डोक्यावर घेतलंय ते काय, तर सेंटेला, म्हणजे कोकणात बांधावर, विहिरीच्या कडेला उगवतो तो कारिवणा! बऱ्याच कोरियन क्रीममध्ये तो मादागास्करहून आणलेला असतो. रात्री आधी तेलाने मग फेसवॉशने चेहरा धुवायचा, सकाळी सनस्क्रीन लावायचं, उन्हात टोपी घालायची, हे रोज, न कंटाळता. ग्लास स्किन म्हणतात त्या काचेसारख्या नितळ चमकेत अर्ध्याहून जास्त ही मेहनत आहे आणि तिचा मला आदर वाटतो.

पण दुसऱ्या एका दुकानात फाउंडेशन विचारलं तर शेड तीनच: १३, २१ आणि २३ नंबर. सगळ्यात गडद २३, आणि तो भाचीच्या गालावर चुन्यासारखा दिसला. ती एकदम गप्प झाली, मग बाहेर आल्यावर म्हणाली, "मावशी, मला कधीच येणार नाही ना गं अशी ग्लास स्किन?" मला इतकं तुटलं आतून. मी म्हटलं, "बाळा, चमक आणि गोरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांनी एकाच डबीत भरून विकल्या म्हणून काय झालं." आमच्याकडे लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी' वाचत मोठी झालेली बाई मी, तोच आजार परदेशातून नव्या पॅकिंगमध्ये पोरीच्या हातात यावा हे मला सहन होत नाही. थोडं बदलतंय, तिरतिर या कोरियन ब्रँडने २०२४ मध्ये फाउंडेशनचे शेड तीसच्या वर नेले, ते पण एका कृष्णवर्णीय अमेरिकन मुलीच्या व्हिडिओनंतर.

सोलच्याच आप्गुजोंग भागात उतरलो तेव्हा भाचीला के-स्टार रोडवरचे, के-पॉप बँडच्या नावाचे अस्वलांचे पुतळे बघायचे होते, मला मात्र एकावर एक मजले प्लास्टिक सर्जरीची क्लिनिक दिसत होती आणि मास्क टोपी घालून, नाकावर पट्टी लावून चाललेल्या कोवळ्या मुली. तिथे नोकरीच्या अर्जावर फोटो लावायची जुनी सवय, २०१९ मध्ये कायदा बदलून दिसणं, उंची, वजन विचारायला कंपन्यांना मनाई करावी लागली. आणि २०१८ मध्ये इम ह्यॉन-जू ही एमबीसी या टीव्ही वाहिनीची न्यूज अँकर चष्मा लावून बातम्या द्यायला बसली तर ती स्वतःच बातमी झाली! त्याच वर्षी सुंदर दिसण्याच्या सक्तीविरुद्ध कितीतरी मुलींनी आपल्या लिपस्टिक, पावडरी तोडून फोटो टाकले, केस बारीक कापले. हे सगळं मी भाचीला त्या रात्री हॉटेलवर नीट सांगितलं, तिने पण नीट ऐकलं, मग म्हणाली की आपण सनस्क्रीन घेऊ, फाउंडेशन राहू दे.

तुम्ही जाणार असाल तर 'टोन-अप' (म्हणजे चेहरा उजळ दाखवणारं) लिहिलेलं सनस्क्रीन घेऊ नका, सावळ्या रंगावर ते राखाडी दिसतं. टेस्टर मनगटावर नाही, हनुवटीच्या कडेला लावून दुकानाबाहेर उजेडात बघा. आणि पासपोर्ट जवळ ठेवा, बऱ्याच दुकानांत काउंटरवरच टॅक्स वजा करून देतात.