रॅडबर्नचा १८८४चा तक्ता: ५९ की ६०, आणि बाकीचे अडलेले रकाने

चार्ल्स 'ओल्ड हॉस' रॅडबर्न, अमेरिकन बेसबॉलमधला प्रॉव्हिडन्स ग्रेज संघ, हंगाम १८८४. पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून ७५ सामने, त्यांतले ७३ सुरुवातीपासून, आणि ते सगळे ७३ शेवटच्या बादपर्यंत एकहाती. या ७३ ओळी सरळ लागल्या. घोळ आहे तो उरलेल्या दोनांत.

त्यांतली एक २८ जुलैची, फिलाडेल्फियाविरुद्ध. सायक्लोन मिलरने पाच इनिंग टाकल्या, तेव्हा ग्रेज ७-४ ने पुढे. पुढच्या चार रॅडबर्नने टाकल्या, एकही रन न देता, आणि सामना ११-४ असा सुटला. तेव्हाच्या स्कोअररने विजय रॅडबर्नच्या नावावर मांडला. आजच्या नियमाने तो मिलरचा, रॅडबर्नला फक्त सेव्ह (आघाडी राखल्याची नोंद). म्हणून विजय-पराभवांचा हिशेब कुठे ५९-१२ दिसतो, कुठे ६०-१२, आणि कारकिर्दीचा आकडाही ३०९ आणि ३१० मध्ये हेलकावे खातो. तक्त्यात विजयाचे दोन रकाने ठेवा: 'तेव्हाचा' आणि 'आजचा'. एकाच रकान्यात कोंबलंत की वर्षभराची बेरीज कुठल्याच पुस्तकाशी जुळणार नाही. माझं मत विचाराल तर ५९. पण तेव्हाचा रकाना खोडू नका.

मिलरच्या जागी राखीव खेळाडू का आला नाही, हा प्रश्न नवख्यांना हमखास पडतो. त्या काळी दुखापतीशिवाय बदली खेळाडू चालत नसे. पिचर बदलायचा तर मैदानातल्या नऊ जणांतच अदलाबदल. म्हणून प्रत्येक ओळीत 'सुरुवातीची जागा' हा रकाना हवाच. २२ जुलैला ग्रेजचा दुसरा पिचर चार्ली स्वीनी (७ जूनला बोस्टनचे १९ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, घेणारा तोच) जागा बदलायला नकार देऊन चालता झाला, तेव्हा ग्रेजना आठ जणांत खेळावं लागलं ते याच नियमामुळे. त्यानंतर रॅडबर्नने मॅनेजर फ्रँक बॅनक्रॉफ्टशी सौदा केला: जादा पैसे आणि हंगामाअखेर करारातून मोकळीक, बदल्यात उरलेलं ओझं त्याचं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या ओळींत सलग १८ विजय दिसतात ते या सौद्यानंतरचे.

इनिंगचा रकाना दशांशात भरू नका. इनिंगमध्ये तीन बाद, म्हणून ६७८.२ म्हणजे ६७८ इनिंग आणि दोन बाद. शीटला ते कळत नाही. .२ तीनदा मिळवलं की .६ येतं, यायला हव्यात दोन पूर्ण इनिंग. बाद मोजा: २०३६. अर्न्ड रन (क्षेत्ररक्षणातल्या चुकांशिवाय दिलेल्या) १०४, तेव्हा १०४ × २७ ÷ २०३६ = १.३८. हा ईआरए (नऊ इनिंगमागे, म्हणजे २७ बादांमागे, अर्न्ड रन) नंतर काढलेला आहे, १८८४च्या स्कोअरकार्डात तो शोधत बसू नका. एकूण रन २१६ आहेत. म्हणजे निम्म्याहून जास्त रन चुकांच्या खात्यात, आणि त्याला कारण आहे: बहुतेक क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी खेळत.

४४१ स्ट्राइकआउटशेजारी नियमांची टीप जोडा, नाहीतर तुलना फसते. पिचरपासून बॅट्समनपर्यंतचं अंतर ५० फूट (आपली क्रिकेटची खेळपट्टी ६६ फूट), तेही ४ बाय ६ फुटांच्या चौकटीत पावलं टाकत. वॉकला (बॅट्समनला फुकट पहिला बेस मिळायला) सहा बॉल, म्हणजे चुकीचे चेंडू. बॅट्समन उंच की खाली चेंडू हवा ते सांगू शके. फाउल (मारून हद्दीच्या रेषेबाहेर) गेलेला चेंडू स्ट्राइक धरत नसत. खांद्यावरून चेंडू टाकायला लीगने त्याच वर्षी मुभा दिली होती.

हंगाम संपल्यावर ऑक्टोबरमध्ये झालेल्या न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सविरुद्धच्या तीन सामन्यांच्या २२ इनिंग वेगळ्या पानावर. तिन्ही त्यानेच टाकले, तिन्ही जिंकले, अर्न्ड रन शून्य. त्या हंगामात मिसळल्या तर २०३६चे २१०२ होतात, आणि ही चूक लवकर सापडत नाही.

पुढचं पान १८८२चं. तिथे १७ ऑगस्टला डेट्रॉइटविरुद्ध अठराव्या इनिंगमध्ये होमरन मारून १-० असा सामना जिंकून दिला तो रॅडबर्ननेच, पण राइट फील्डर (उजव्या बाजूचा क्षेत्ररक्षक) म्हणून. अठराही इनिंग जॉन माँटगोमेरी वॉर्डने टाकल्या. ती ओळ रॅडबर्नच्या फलंदाजीच्या पानात जाते, पिचिंगच्या नाही.