पंत जेवले का?

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी. तांब्या-भांडं गेलं, स्टीलचा पेला आला, इथे डॅलसला तर बाटलीच हातात देतो. पण आधी पाणी, मग खुशाली, मग चहा. त्यामुळे लेकीच्या अकराव्या वाढदिवसाला घरात शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, आला, तेव्हा मीही तेच केलं. दुकानदारानं काचेच्या पेटीसोबत एक वाटी दिली होती. ती विसळली, काठोकाठ भरली आणि त्याच्यासमोर ठेवली. दोन दिवस त्यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे खोल गेल्यासारखे दिसायला लागले.

वाटीतलं पाणी हे पाणी आहे, हेच त्याला कळत नव्हतं. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्येची. तिथं पिढ्यान्‌पिढ्या पानांवरचे थेंब चाटून तहान भागवलेली. थेंब चमकायला हवा, हलायला हवा, पानावरून ओघळायला हवा. साचलेलं पाणी म्हणजे त्याच्या लेखी फरशीच. शेवटी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेतली आणि पानं चिंब केली. आधी तो रागावून मागे सरला. मग एक थेंब नाकावर पडला, दुसरा ओठावर, आणि तोंड उघडून तो जो प्यायला लागला तो थांबेचना. मला एकदम अपराधी वाटलं. तीन दिवस पाहुणा आपल्या घरात तहानलेला होता आणि आपण भरलेली वाटी दाखवत होतो.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ फवारणी, आणि रोज विष्ठेची पाहणी. ऐकायला किळस वाटेल, पण तिच्यात एक पांढरा भाग असतो. तो पांढराशुभ्र असला तर पाणी पुरतंय; पिवळा-केशरी व्हायला लागला तर कमी पडतंय. आमच्या घरात चहाच्या आधी 'आज कसा आहे?' असा प्रश्न विचारला जातो आणि कोणालाही 'कोण?' असं विचारावं लागत नाही.

काचेची पेटीही दोन आठवड्यांत अडगळीत गेली. काचेत त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसायचं, आणि हा प्राणी इतका एकलकोंडा की आपल्या जातीचा दुसरा कोणी नजरेला पडला तरी त्याचं डोकं फिरतं. तो दिवसभर स्वतःवरच फुत्कारत बसायचा. मग जाळीचा पिंजरा आणला, दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच, कारण याला लांबी नको, उंची हवी. आत झाड लावायचं म्हणून चौकशी केली तर जाणकारांनी पहिलं नाव सांगितलं ते पोथॉसचं. पोथॉस म्हणजे आपला मनी प्लांट! मनी प्लांट चोरून आणला तरच फळतो असं लहानपणापासून ऐकलेलं, पण टेक्सासमध्ये शेजाऱ्याच्या अंगणात चोरी करायची हिंमत माझ्यात नाही. मागूनच आणला. तरी फोफावला.

ऑक्टोबरात आई वाईहून सहा महिन्यांसाठी आली. लेकीनं त्याचं नाव 'पिकल' ठेवलं होतं. आईनं चष्मा सावरून त्याच्या डोक्यावरचा तो उंच, टोकदार तुरा पाहिला आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर पगडी! हे कुठले पिकल, हे पंत." त्या दिवसापासून पंत. शिवाय अहो-जाहो. "पंत उठले का?" "पंतांची अंघोळ झाली का?" पंत म्हणायला हरकत नव्हती, कारण मागच्या पायांच्या टाचांवर नराला जन्मापासून एक बारीक नखी असते, ती होती. नवख्यानं नरच घ्यावा म्हणतात. मादी नराशिवायही अंडी धरते, तिला ती घालायला मातीची सोय करून द्यावी लागते, आणि नाही केली तर जिवावर बेतू शकतं.

अर्थात सरडा तो सरडाच, हे आईचं मत काही लगेच बदललं नाही. "अंगावर पाल पडली तर काय होतं ते पंचांगात आहे," ती म्हणाली, "पण सरडा पैसे देऊन आणला तर काय, ते कुठे दिलेलं नाही."

खरी कसोटी जेवणाची होती. आईनं जन्मात अंडं शिजवलेलं नाही आणि आमच्या धुण्याच्या खोलीत डबाभर जिवंत रातकिडे. त्यांनाही जेवायला घालावं लागतं. किडा उपाशी असला तर पंतांच्या पोटात नुसतं टरफल जाणार, म्हणून आधी किड्यांना गाजर आणि पालेभाजी, मग किडे पंतांना. किडा त्यांच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. वर कॅल्शियमची पूड, शंकरपाळ्यांवर पिठीसाखर भुरभुरावी तितपत. पहिल्या आठवड्यात आई त्या खोलीकडे फिरकली नाही. दुसऱ्या आठवड्यात पाहतो तर ती गाजर किसत होती. "पंतांचं पंत बघतील. पण हे बिचारे आपल्या घरात उपाशी नकोत." शिवाय रात्री त्यांची किर्रकिर्र सुरू झाली की तिला लगेच झोप लागायची. जेट लॅगवर एवढा स्वस्त उपाय मी दुसरा पाहिला नाही.

तिच्या बाकीच्या सूचना मात्र फेटाळाव्या लागल्या. "एवढे दिवे कशाला जाळता, खिडकीत ठेवा की उन्हाला." खिडकीतून ऊन येतं, ऊबही येते, पण त्यातले 'बी' प्रकारचे अतिनील किरण काच अडवते, आणि नेमके तेच त्यांना हवे असतात. त्यांच्याशिवाय शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जात नाही, हाडं मऊ पडतात आणि पाय वाकतात. गंमत म्हणजे या किरणांसाठी लावलेली दिव्याची नळी प्रकाश देत राहते, पण किरण हळूहळू आटतात. म्हणून मी नळीच्या कडेला मार्करनं तारीख लिहून ठेवली आहे. त्याशिवाय उबेचा वेगळा दिवा, त्याखालच्या फांदीवर साधारण 85 अंश फॅरनहाइट. रात्री सगळं बंद. "थंडी वाजेल हो त्यांना," म्हणत आई एकदा पिंजऱ्यावर शाल घालायला निघाली होती. रात्रीचा गारवा त्यांना लागतोच, हे पटवायला मला अर्धा तास लागला.

घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "रंग बदलतो का?" एकानं तर लाल रुमाल काढून पिंजऱ्याला लावला. पंत हिरवेच राहिले. रुमालाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. रंग बदलतो तो ऊब, भीती, राग आणि प्रणयासाठी. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये पँथर जातीच्या शॅमेलिऑनवर काम करून दाखवलं की कातडीतल्या पेशींत बारीक स्फटिकांची जाळी असते. स्फटिक जवळ-दूर झाले की परावर्तित होणारा रंग पालटतो. आमचे पंत सकाळी गडद असतात. दिव्याकडे अंगाची एक बाजू चपटी करून धरतात, आणि ऊब भरली की पोपटी होतात. मी दार उघडून आत हात घातला की पुन्हा काळपट.

हे काळपट होणं मला समजायला वेळ लागला. आपल्याकडे 'नको'चा अर्थ 'थोडंसं वाढा' असा घ्यायची रीत आहे. 'पुरे' म्हटलं की अर्धी पोळी, 'अगदीच नको' म्हटलं की तुपाची धार. आमची आई या शास्त्रातली पारंगत. आणि इथे हा पाहुणा, ज्याचा 'नको' म्हणजे नको, आणि तोही अंगभर लिहिलेला. जवळ जाऊन कौतुक केलं की तो आजारी पडणार. न पाहिल्यासारखं केलं की खाणार. आईनं पहिल्यांदा चिमट्यात किडा धरून "घ्या ना पंत, एवढा एकच" असं केलं तेव्हा एक डोळा तिच्यावर, दुसरा छताकडे, आणि अंग काळं. ती पाऊण तास उभी होती. शेवटी कंटाळून चहा टाकायला गेली, किडा फांदीवर चढला, आणि तिची पाठ वळताच दीड अंगाएवढी लांब जीभ सुटली. आवाज ऐकून ती वळली तेव्हा पंत मिटक्या मारत होते.

लेकीचं दुःख वेगळं होतं. तिला प्राणी हवा होता म्हणजे हातात घ्यायला हवा होता. वरून हात गेला की त्यांना घार आल्यासारखं वाटतं, त्यामुळे उचलायचं नाही. हात खालून, फांदीसारखा धरायचा आणि वाट पाहायची. रोज शाळेतून आल्यावर ती दार उघडून दहा मिनिटं फांदी व्हायची. सातव्या आठवड्यात कधीतरी एक पाय तिच्या बोटावर आला. पुढे-मागे झुलत, वाऱ्यात पान हलावं तसा दुसरा. त्यांच्या पायांची बोटं दोन आणि तीन अशी जोडलेली असतात, त्यामुळे पकड चिमट्याची. ती हसलीसुद्धा नाही. नुसती कुजबुजली, "बाबा, गार आहेत."

गावाकडच्या भाच्यानं हे व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि विचारलं, "मामा, आपल्याकडेही असतो की घोयरा सरडा. एक धरून ठेवू का?" मी ओरडलोच. आपला भारतीय शॅमेलिऑन पंतांचा चुलतभाऊच, एकाच कुळीतला. पण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला धरता येत नाही, पाळता येत नाही. पंत पिंजऱ्यातच जन्मलेले, त्यांना दुसरं घर नाही. त्याला आहे. बाभळीवर असेल तर बाभळीवर राहू दे, आणि पोरं दगड मारत असतील तर त्यांना हाकल म्हणून सांगितलं.

या हिवाळ्यात जास्वंदीची कुंडी आत घ्यावी लागली. पंतांना जास्वंद फार आवडते, पानंही आणि फुलंही. आईनं नियम घालून दिला: पहिलं फूल बाप्पाला, दुसरं पंतांना. एका मंगळवारी एकच फूल उमललं. दुपारी पाहिलं तर देवापुढे दूर्वाच होत्या.

मार्चमध्ये ती परत गेली. आता वाईहून फोन येतो तो आमच्या सकाळी, दिवे लागायच्या वेळी. माझी तब्येत, सुनेची नोकरी, नातीचा अभ्यास सगळं झाल्यावर ती विचारते, "पंत जेवले का?" मग मी फोन पिंजऱ्याजवळ नेतो. काल नेला तेव्हा ते नुकतेच पोपटी होत होते. फोन पाहून पुन्हा गडद झाले आणि मनी प्लांटच्या पानाआड सरकले. मी फोन आणखी पुढे केला, तिला नीट दिसावं म्हणून.

"अरे, मागे घे," पलीकडून आई म्हणाली. "नको म्हणतायत ना ते."