पुलाखालची नावं

माझी मुलगी सिडनीत पॅरामॅटाला राहते. तीन वर्षं मी पाकिटांवर हे नाव लिहीत होते, पण ते इंग्रजी नाही हे कळलं हार्बर ब्रिजवर. बुरामट्टा, म्हणजे वाम माशांची जागा. धारुग या तिथल्या आदिवासी भाषेतलं नाव, इंग्रजांच्या जिभेवर फिरून पॅरामॅटा झालेलं.

जुलैतली सकाळ, म्हणजे तिथला ऐन हिवाळा. पुलाच्या कमानीवर चढण्याच्या ज्या सफरी निघतात, त्यांतली 'बुरावा' ही इथले आदिवासी गाईड नेतात आणि चढता चढता आपल्या लोकांच्या गोष्टी सांगतात. इथल्या मूळच्या गॅडिगल लोकांच्या भाषेत बुरावा म्हणजे वर. खरं सांगायचं तर मला ओढ होती ती चढण्याची. आयुष्यभर सह्याद्रीतले गड चढले, आता एक पोलादी गड.

आधी नळीत फुंकर मारून दारूची तपासणी. मग राखाडी-निळा अंगरखा, चष्म्याला दोरी, मनगटाला अडकवलेला रुमाल. फोन, कॅमेरा, घड्याळ सगळं लॉकरमध्ये, कारण खाली आठ पदरी रस्ता आणि रेल्वे आहे. कमरेच्या पट्ट्याची कडी एका पोलादी तारेत अडकवतात, ती खाली उतरेपर्यंत सुटत नाही.

आमची गाईड तिशीतली, तिची आई विराजुरी या आदिवासी लोकांतली. पुलाखालच्या अरुंद जाळीवरून चालत दक्षिणेकडच्या दगडी मनोऱ्यापाशी आलो तेव्हा ती थांबली आणि खाली बोट दाखवून म्हणाली, "ही तारा." नकाशात या जागेचं नाव डॉज पॉइंट. इथे 1788 नंतर विल्यम डॉज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तारे पाहण्यासाठी वेधशाळा उभारली. त्याच्याकडे पट्येगारँग नावाची साधारण 15 वर्षांची मुलगी यायची. ती त्याला आपली भाषा शिकवायची, तो वहीत उतरवून घ्यायचा. शब्दच नाहीत, दोघांचे संवादही. त्या वह्या आज लंडनमध्ये आहेत, आणि सिडनीची भाषा पुन्हा उभी करणाऱ्यांना त्यांचा मोठा आधार आहे.

"त्यातला एक शब्द सांगते," ती म्हणाली. "पुतुवा. म्हणजे आपला हात शेकोटीवर तापवायचा आणि मग दुसऱ्याची बोटं हलकेच दाबायची."

डोक्यावरून गाड्या धडधडत होत्या, तरी आम्ही सगळे गप्प झालो. एवढ्या कृतीला एक अख्खा शब्द! आणि तो जगला कशामुळे, तर एका मुलीला तो सांगावासा वाटला म्हणून.

पुढचे जिने उभे आहेत. रस्त्याच्या पदरांमधून वर डोकं काढलं की शेजारून गाडी जाते, पायाखालचं लोखंड थरथरतं. कमानीवर मात्र चढ सोपा, रुंद, वाऱ्याचा. साठ लाख रिव्हेट या पुलात आहेत. हात ठेवावा तिथे त्यांची गार टोपणं लागतात. 1932 मध्ये पूल खुला झाला. काम करताना 16 माणसं गेली.

माथा पाण्यापासून 134 मीटर. तिथे दोन झेंडे आहेत. काळा, लाल आणि मधे पिवळा सूर्य असलेला आदिवासी झेंडा 2022 पासून कायमचा फडकतो आहे. त्याच्याखाली उभी राहून गाईडने खाडी दाखवली. फेरीबोटींचा धक्का आहे ती वॉरेन. ऑपेरा हाउसची जागा टुबोगुली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या शिंपल्यांचे ढीग होते. इंग्रजांनी ते भाजून चुना केला आणि त्या चुन्याने शहर बांधलं. हे ऐकून मी हलले. शिंपल्यांचा चुना आमच्या कोकणातही भाजत, पण इथे एका समाजाची हजारो वर्षांची जेवणं भिंतींत गेली. 1789 च्या देवीच्या साथीनंतर गॅडिगलांपैकी तीनच माणसं उरल्याची नोंद त्या काळच्या इंग्रजांनीच केली आहे. हे तिने आवाज न चढवता सांगितलं. नंतर बराच वेळ ती पाण्याकडे बघत होती.

माथा ओलांडून पश्चिमेकडच्या कमानीवरून उतरताना समोर बारांगारू भागातले काचेचे उंच मनोरे दिसतात. बारांगारू ही कॅमरेगल या आदिवासी लोकांतली बाई, मासेमारीत तरबेज; तिचंच नाव या भागाला. या बायका 'नावी' म्हणजे सालीच्या होडीत बसून शिंपल्याच्या गळाने मासे धरत. होडीतच मातीच्या थरावर छोटी आग असे, धरलेला मासा तिथेच भाजायचा. आग, होडी आणि कडेवर मूल! मला रायगड जिल्ह्यातल्या माझ्या गावच्या कोळणी आठवल्या. त्यांना हे ऐकायला फार आवडलं असतं.

28 मे 2000 ला याच पुलावरून सुमारे अडीच लाख लोक आदिवासी आणि इतर ऑस्ट्रेलियन लोकांच्या समेटासाठी चालले. तेव्हा विमानाने आकाशात 'सॉरी' लिहिलं होतं.

खाली आलो तेव्हा बोटं बधिर झाली होती. कडी सोडवताना मी गाईडला म्हटलं, आमच्यातही असं आहे. माझी आजी निखाऱ्यावर तळवा धरून बाळाच्या पोटावर ठेवायची. त्याला आम्ही शेक म्हणतो.

"शेक," तिने म्हणून पाहिलं. मग सोबत आलेल्या माझ्या मुलीकडे बघून पुन्हा म्हणाली. दुसऱ्यांदा क नीट आला.