सर्च करताना ‘कधी’ आणि ‘कुठे’ हे आपणच सांगा

हवं ते सापडलं नाही की आपण शब्द बदलत बसतो, हा टाक, तो काढ, स्पेलिंग बदल. पण बऱ्याचदा शब्द ठीकच असतात हो, त्यात कधी आणि कुठे एवढंच राहून गेलेलं असतं. आणि आपण सांगितलं नाही की सर्च इंजिन आपल्या मनानेच धरून चालतं, कधी म्हणजे आत्ता आणि कुठे म्हणजे तुमचा फोन आहे तिथे.

हा अंदाज पुष्कळदा बरोबर निघतो, ते मान्य. जमीन हादरल्या हादरल्या ‘भूकंप’ टाइप करणाऱ्याला धक्का कुठे बसला, किती मोठा होता हे हवं असतं आणि एरवी तोच शब्द टाकणाऱ्याला भूकंप का होतो ते वाचायचं असतं. एखादा विषय अचानक तापला की ताजी पानं वर आणायची, ही पद्धत गूगलने 2007 मध्येच सांगितली होती. नोव्हेंबर 2011 मध्ये त्यांनी ताजेपणाला आणखी वजन दिलं, तेव्हा साधारण 35 टक्के सर्चवर त्याचा परिणाम होईल असं त्यांचंच म्हणणं होतं.

अडतं कुठे, तर आपला प्रश्न दुसऱ्या काळातला किंवा दुसऱ्या जागेचा असतो तेव्हा.

सूर्यग्रहणाचंच बघा. ‘पुढचं खग्रास सूर्यग्रहण’ टाकलं की एक तारीख मिळते. पण 12 ऑगस्ट 2026 चं खग्रास दिसणार ग्रीनलंड, आइसलंड आणि स्पेनच्या पट्ट्यात, आणि 2 ऑगस्ट 2027 चं दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिकेवरून जाणार, इजिप्तमध्ये लक्झरजवळ तर सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ. पट्टा जेमतेम अडीचशे-तीनशे किलोमीटर रुंद, त्याच्या बाहेर असाल तर खंडग्रास, आणखी लांब असाल तर काहीच नाही. शिवाय वेळ बरेचदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते, ती तशीच धरली तर भारतात ग्रहणाच्या साडेपाच तास आधीच तुम्ही गच्चीवर जाल. म्हणून अशा सर्चमध्ये शहर, वर्ष आणि ‘स्थानिक वेळ’ हे तिन्ही लिहायचं, आणि प्रवासात असणार असाल तर जिथे असणार त्या शहराचं नाव.

जुनं काही शोधताना तर काळ आणि जागा एकमेकांत गुंतलेली असतात, आणि मला सर्चमधला सगळ्यात मजेचा भाग हाच वाटतो. रशियातलं सेंट पीटर्सबर्ग 1914 मध्ये पेट्रोग्राड झालं, 1924 मध्ये लेनिनग्राड, 1991 मध्ये परत सेंट पीटर्सबर्ग. दुसऱ्या महायुद्धात या शहराला पडलेल्या 1941 ते 1944 च्या वेढ्याबद्दल त्या काळातली वर्तमानपत्रं, पत्रं हवी असतील तर लेनिनग्राड असंच शोधायला हवं, त्या कागदांवर तेच नाव आहे.

गूगलमध्ये बिफोर आणि आफ्टर हे दोन ऑपरेटर, म्हणजे सर्चसोबत टाकायचे खास शब्द, 2019 पासून आहेत. इंग्रजीत शब्द, लगेच कोलन, आणि स्पेस न देता वर्ष किंवा पूर्ण तारीख, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. एखाद्या घटनेच्या आधी लोक काय म्हणत होते हे बघायला बिफोरसारखं दुसरं काही नाही, कारण नंतरच्या बातम्यांचा ढीगच बाजूला होतो. पण ही तारीख पानाची असते, घटनेची नाही, आणि तीही इंजिनने अंदाजाने ठरवलेली. जुन्या लेखात एक ओळ बदलून वर ‘अपडेटेड’ची ताजी तारीख लावणाऱ्या साइट्स आहेतच. त्यामुळे नियम, फी, मुदत, औषधं असलं काही वाचताना वरच्या तारखेवर जाऊ नका, मजकुरात कुठल्या वर्षाचे आकडे दिलेत ते बघा, ते सहसा खरं काय ते सांगून जातात.

राहिलं लोकेशन. सतत सगळ्यांना अचूक जागा द्यायची काही गरज नाही. आयफोनवर आयओएस 14 पासून आणि अँड्रॉइडवर 12 पासून अंदाजे लोकेशन देता येतं. हवामानाला तेवढं पुरतं. रात्री उघडं असलेलं जवळचं मेडिकल शोधताना मात्र अचूक लोकेशन चालू करा, तिथे दोन गल्ल्यांचा फरकही महागात पडतो. आणि दुसऱ्या गावातल्या माणसासाठी शोधत असाल तर फोनचं लोकेशन काहीच कामाचं नाही, त्यांच्या भागाचं नाव आणि ‘आत्ता उघडं’ असं स्वतः टाइप करा, आणि त्यांना निघायला सांगण्याआधी दुकानाला एक फोन लावा.