डोकी मोजून झाल्यावर

नाशिकच्या ज्या शाळेत मी एकवीस वर्षे शिकवले, तेथे सहलीची सुरक्षितता म्हणजे डोकी मोजणे असे. एसटीत चढताना मोजायची, पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढण्याआधी मोजायची, खाली उतरल्यावर पुन्हा मोजायची, आणि आकडा जुळला की आम्ही शिक्षक सुटकेचा निःश्वास टाकत असू. त्या आकड्यातले एखादे मूल दिवसभर कोणाशेजारी बसायचे टाळत होते, कोणाचा हात लागताच अंग चोरत होते, हे पाहणे कोणाच्याही कामात लिहिलेले नव्हते. ज्याच्या नजरेस पडे, तो आपल्या स्वभावाप्रमाणे काही करी किंवा करीत नसे.

आता उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या कापडगिरणीत मी आठवड्यातून दोन दिवस स्वयंसेवक म्हणून जाते. गिरणी कधीच बंद झाली. तिचे शैक्षणिक केंद्र झाले असून तेथे शाळांच्या सहली येतात, महिन्यातून एकदा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचा गट येतो आणि अधूनमधून बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचाही. केंद्राचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आणि पुढे जे दोन प्रसंग येतील त्यांतल्या व्यक्ती ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. हेही मी तेथेच शिकले.

मुलांना आणि धोक्यात असलेल्या प्रौढांना अत्याचारापासून जपण्याच्या ज्या पद्धतीला तेथे ‘सेफगार्डिंग’ म्हणतात, तिला मराठीत नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. ‘संरक्षण’ म्हटले की पोलीस आणि दंडुका डोळ्यांपुढे येतो, ‘काळजी’ फार घरगुती वाटते. ‘सांभाळ’ हा त्यातल्या त्यात जवळचा, पण आपल्याकडे सांभाळ करणारा मनाने चांगला आहे हे गृहीत असते आणि येथे नेमके तेवढेच गृहीत धरलेले नसते.

हे पहिल्याच दिवशी कळले. माझ्यापुढे गुन्हेगारी नोंदींच्या तपासणीचा, म्हणजे ‘डीबीएस’चा अर्ज ठेवण्यात आला. स्वयंसेवकांना त्याचे शुल्क पडत नाही, पण मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते द्यावे लागतात. माझ्या पाचातली दोन वर्षे नाशिकची होती, आणि भारतातल्या पोलिसांकडे काय नोंद आहे हे या यंत्रणेला दिसत नाही, म्हणून भारतीय पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्रही मागवा असे सांगण्यात आले. मला राग आला. दोन दशके लोक ज्या बाईच्या भरवशावर आपली लेकरे शाळेत सोडून गेले, तिने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आपण सज्जन असल्याचा कागद आणायचा! केंद्राच्या समन्वयक बाईंनी शांतपणे स्वतःचा प्रमाणपत्र क्रमांक नोंदलेले रजिस्टर दाखवले. त्यात संचालकांपासून बागकाम करणाऱ्या आजोबांपर्यंत सगळे होते.

ही पद्धत कोठून आली ते प्रशिक्षणात सांगितले गेले. ऑगस्ट २००२ मध्ये केंब्रिजशायरमधल्या सोहम या छोट्या गावात दहा वर्षांच्या दोन मैत्रिणींचा खून झाला आणि खुनी निघाला गावातल्याच माध्यमिक शाळेचा केअरटेकर. त्याच्याविरुद्ध तो पूर्वी राहत असलेल्या भागात पोलिसांकडे अनेक तक्रारी आल्या होत्या, पण एकाही लैंगिक गुन्ह्यात तो दोषी ठरलेला नव्हता, तक्रारींची नोंद नीट राखली गेली नव्हती आणि नोकरी देणाऱ्या शाळेपर्यंत त्यांतले काहीच पोहोचले नाही. सर मायकल बिचर्ड यांच्या चौकशीचा अहवाल २००४ मध्ये आला, त्यातून २००६ चा कायदा झाला, आणि डिसेंबर २०१२ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र करून आजची डीबीएस यंत्रणा उभी राहिली. मुलांबरोबर काम करण्यास ज्यांना मनाई आहे अशांची एक यादी ही यंत्रणा ठेवते आणि प्रौढांसाठी दुसरी वेगळी.

एवढे सांगून झाल्यावर प्रशिक्षक म्हणाले की या कागदावर फार विसंबू नका. पकडला न गेलेल्या माणसाचे प्रमाणपत्र कोरेच निघते. ब्रिटिश टीव्हीवर मुलांच्या इच्छा पुरवणारा आणि रुग्णालयांसाठी लाखो पौंड गोळा करणारा जिमी सॅव्हिल ऑक्टोबर २०११ मध्ये ‘सर’ या किताबासह वारला आणि त्याने कित्येक मुलामुलींवर केलेले अत्याचार त्यानंतर एका वर्षाने उघड झाले. तो जिवंतपणी आमच्या केंद्रात स्वयंसेवक व्हायला आला असता, तर त्याचा कागद माझ्या कागदाइतकाच स्वच्छ असता. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर रेल्वे अडवली गेली, आणि मग राज्यातल्या शाळांना सीसीटीव्ही व कर्मचाऱ्यांच्या चारित्र्यपडताळणीचे आदेश निघाले, तेव्हा मला प्रशिक्षकांचे ते कोऱ्या प्रमाणपत्राचे वाक्य आठवले होते. पडताळणी हवीच. मात्र पडताळणीतून सुटणाऱ्या माणसाच्या वाटेत रोजच्या रोज काय आडवे येते, हा प्रश्न तिच्यानंतर उरतोच.

आमच्या केंद्रात आडव्या येतात त्या अगदी साध्या गोष्टी. कोणताही स्वयंसेवक एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड थांबत नाही, आणि वर्गाबरोबर आलेले शिक्षक ‘जरा चहा घेऊन येतो’ म्हणून मुले आमच्यावर सोपवून जाऊ शकत नाहीत. शाळेचा गट असतो तेव्हा एक स्वच्छतागृह त्यांच्यासाठीच राखून ठेवतात. हरवलेल्या मुलाचे नाव किंवा वर्णन ध्वनिक्षेपकावरून पुकारत नाहीत, कारण ते ऐकून कोणीही पुढे होऊन ‘माझेच ते’ म्हणू शकतो. कर्मचारी आपापल्या वॉकीटॉकीवर ठरलेला सांकेतिक शब्द उच्चारतात आणि दारे सांभाळतात. जत्रेत हरवलेल्या मुलांची नावे पुकारणारा कर्णा ऐकत मोठ्या झालेल्या मला हे प्रथम फार उलटे वाटले.

छायाचित्रांचे तर मला कोडेच पडले होते. प्रत्येक शाळा येण्याआधी, कोणाचे छायाचित्र काढायचे नाही याची यादी पाठवते. मला वाटे, हे इंग्रजांचे नसते चोचले. मग समजले की त्या यादीतल्या एखाद्या मुलाची आई मारकुट्या नवऱ्यापासून पळून या गावात आलेली असते, एखादे मूल न्यायालयाच्या आदेशाने दुसऱ्या कुटुंबात वाढत असते, आणि गणवेशावरचे शाळेचे चिन्ह दिसेल असे एक हसरे छायाचित्र फेसबुकवर गेले की ज्याला ते मूल कोठे आहे हे कळू नये त्यालाच पत्ता मिळतो. नाशिकला आम्ही प्रत्येक सहलीचे फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकायचो, आणि तेथून ते कोठे गेले हे कोणीही विचारले नाही.

आता पहिला प्रसंग. गिरणीत आम्ही मुलांना सांगतो की अठराव्या शतकाच्या अखेरीस अनाथ आणि गरीब मुलांना त्यांच्या गावाने शिकाऊ कामगार म्हणून गिरणीमालकांच्या हवाली केले, ती मुले गिरणीतच राहत, आणि १८०२ मध्ये पहिला कायदा झाला तेव्हा त्यात कामाचे तास बारापेक्षा जास्त नसावेत व एका बिछान्यात दोनपेक्षा जास्त मुले झोपवू नयेत असे लिहावे लागले. नऊ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत कामाला लावण्यास बंदी यायला १८३३ साल उजाडले. झोपण्याच्या त्या ठेंगण्या खोलीत उभे राहून मी नेहमीप्रमाणे ‘रात्री दाराला बाहेरून कडी असे’ असे सांगितले, तेव्हा आठेक वर्षांची एक मुलगी माझ्या कोपराशी येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “माझ्या खोलीलाही बाहेरून कडी आहे.”

माझ्या आतली मास्तरीण लगेच जागी झाली. कोण लावते, केव्हापासून, मारतात का, असे दहा प्रश्न जिभेवर आले. तिला जवळ घ्यावेसे वाटले, ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे म्हणावेसेही वाटले. शिकवलेले होते ते याच्या नेमके उलट. मुलाचे ऐकून घ्यायचे. ‘आणखी काही सांगावेसे वाटते का’ याहून पुढे खोदायचे नाही, कारण आपल्या प्रश्नांतले शब्द मुलाच्या उत्तरांत शिरतात आणि पुढे पोलिसांना किंवा न्यायालयाला मूळ हकिकत शोधणे कठीण होते. गुपित राखण्याचे वचन द्यायचे नाही, कारण ते मोडावेच लागणार, आणि ज्या मुलाला मोठ्यांनी आधीच फसवले असेल त्याला आणखी एका मोठ्याने फसवल्यासारखे होते. मी तिला एवढेच म्हणाले की हे सांगितलेस ते बरे केलेस, आणि तुला मदत करू शकणाऱ्या माणसाला मी हे सांगणार आहे. तिने मान हलवली आणि ती पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

नंतरची पंधरा मिनिटे मला त्या क्षणापेक्षा जास्त आठवतात. ठरलेल्या कागदावर तारीख, वेळ, जागा घालून मी लिहिले, ‘मुलीला शिक्षा म्हणून घरी खोलीत कोंडतात.’ समन्वयक बाईंनी, ज्या आमच्या नेमलेल्या सेफगार्डिंग अधिकारीही आहेत, ते वाचून विचारले, “शिक्षा हा शब्द तिचा की तुमचा?” माझा होता. “कोंडतात, असे ती म्हणाली?” तेही नाही. ती म्हणाली होती की कडी आहे. मी तो कागद खोडला नाही, कारण पहिला कागदही फाइलमध्येच ठेवतात. दुसऱ्या कागदावर तिचे शब्द तिच्याच क्रमाने उतरवले, खाली मी काय बोलले ते लिहिले आणि सही केली. मुलांचे निबंध तपासताना वाक्य सुधारून देण्यात माझी हयात गेली. दुसऱ्याचे वाक्य आहे तसे सोडणे मला इतके जड जाईल असे वाटले नव्हते.

बाईंनी तिच्या शाळेच्या जबाबदार शिक्षिकेला त्याच दुपारी कळवले. पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. कदाचित झोपेत चालणाऱ्या मुलीने जिन्यावरून पडू नये म्हणून ती कडी असेल, कदाचित नसेल. माहिती ज्याला लागते त्यालाच द्यायची हा नियम आहे आणि मी त्या वर्तुळाबाहेर आहे. परतीच्या बसमध्ये मी तिची आई, तिचा बाप, तिची खोली, सगळे मनात रचले, आणि ते रचायचे नाही हेही शिकवलेले आहे हे मला घरी पोहोचल्यावर आठवले.

येथे वाचकांपैकी कोणी विचारेल की हे सगळे इंग्रजांनाच सुचले का. तसे मुळीच नाही. कागदावर आपला कायदा अधिक कडक आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवल्यास २१व्या कलमाखाली शिक्षा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला ती अधिक आहे. इंग्लंडमध्ये अशी सर्वसाधारण सक्ती अनेक वर्षे नव्हती. मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या राष्ट्रीय चौकशीने ऑक्टोबर २०२२ मधल्या अंतिम अहवालात मुलांबरोबर काम करणाऱ्यांसारख्या ठरावीक लोकांसाठी तशा सक्तीची शिफारस केली. मुलांसाठीची चाइल्डलाइन ही फोनवरची मदतसेवा ब्रिटनमध्ये १९८६ साली सुरू झाली आणि आपली १०९८ त्यानंतर दहा वर्षांनी मुंबईत. मी शिक्षिका असताना मला १०९८ ठाऊक होता, कारण तो आमच्या जिन्यात रंगवलेला होता. शाळेत एखादी गोष्ट कानावर आली तर ती नेमकी कोणाकडे न्यायची आणि कोणत्या कागदावर लिहायची, हे मात्र एकवीस वर्षांत मला कोणी सांगितले नाही, आणि खरे बोलायचे तर मीही विचारले नाही.

प्रौढांची गोष्ट मला अधिक अवघड गेली. ‘असहाय प्रौढ’ अशा अर्थाचा जुना शब्द आता मागे पडला आहे. २०१४ च्या केअर ॲक्टनंतर ‘धोक्यात असलेला प्रौढ’ असे म्हणतात, कारण असहायता त्या माणसाची नसून परिस्थितीची मानली जाते. अत्याचाराच्या प्रकारांत मारहाण तर येतेच, पण पैसे लुबाडणे आणि स्वतःची हेळसांड करणे यांचाही समावेश आहे. मुलांच्या बाबतीत मुलाची संमती नसली तरी पुढे कळवायचे असते. प्रौढाला आधी विचारायचे असते, त्याला काय हवे आहे. २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट सांगतो की प्रौढ माणूस स्वतःचे निर्णय घेण्यास समर्थ आहे असेच धरून चालावे, आणि केवळ निर्णय शहाणपणाचा नाही म्हणून त्याला असमर्थ ठरवू नये. वडिलांच्या पासबुकापासून ते त्यांच्या पथ्यापर्यंत सगळे मुलांनी परस्पर ठरवून टाकायचे अशा घरातून मी आलेली आहे, तेव्हा हे वाक्य पचायला मला वेळ लागला.

स्मृतिभ्रंशाच्या गटात ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ येतात. मागाचा खटखटाट सुरू झाला की त्यांचा चेहरा उजळतो. त्यांना घेऊन येणारा शेजारी मध्यमवयीन आहे. एकदा परत जाताना तो दुकानात स्वतःसाठी लोकरी मफलर आणि मधाच्या दोन बाटल्या घेत होता आणि पैसे आजोबांच्या कार्डाने देत होता, असे गल्ल्यावरच्या मुलीने पाहिले आणि आम्हाला सांगितले. मला वाटले, यात विचार कसला करायचा, सरळ पोलिसांना बोलवा. समन्वयक बाईंनी मात्र आजोबांना एकट्याने चहाला बसवले आणि इकडच्या तिकडच्या गोष्टींनंतर शेजाऱ्याविषयी विचारले. ते म्हणाले की तो माझे सामान आणतो, दिवे बदलतो, त्याला काही घेऊ दिले तर बिघडले कोठे? बाईंनी विचारले, दर वेळी तुम्हाला कळते का की त्याने काय घेतले? ते बराच वेळ कपाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ते कळले तर बरे होईल.

बाईंनी स्थानिक प्रशासनाच्या प्रौढ-संरक्षण विभागाला नाव न सांगता सल्ला विचारला, आणि एवढ्यावरून त्यांच्या मर्जीविरुद्ध तक्रार पुढे नेण्यासारखे काही नाही, पण नोंद ठेवा आणि लक्ष असू द्या, असे ठरले. मला ते अपुरे वाटले, अजूनही वाटते. त्यानंतर दुकानात एक बदल झाला. पावती, मग सामान कोणीही उचलो, कार्ड ज्याचे आहे त्याच्याच हातात द्यायची. मागच्या खेपेला आजोबांनी ती चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली, मधाच्या ओळीवर बोट ठेवले, आणि शेजाऱ्याला विचारले, “एवढा महाग?”